भोवऱ्यापुरता वेग

'रिंगण' हा खेळ जिंकता येत नाही, हे ताई सगळ्यांना आधीच सांगून टाकायची. तरी लोक विचारायचेच, "मग शेवटी काय होतं?" शेवटी काय होणार? मरता. काळ्या पडद्यावर एक मोठा गोल, गोलाला चार दारं आणि मधोमध बोराएवढा एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे तुम्ही. चारही दारांतून जे काही आत घुसतं ते तुमच्याच अंगावर येतं आणि लपायला कोपरा म्हणून नाही, कारण गोलाला कोपरा नसतोच. डाव्या हातातल्या दांड्यानं पळायचं, उजव्या हातातल्या दांड्यानं गोळ्या झाडायच्या. एक लाट संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी, आणि प्रत्येक लाट आधीच्यापेक्षा जोरात. पळता भुई थोडी म्हणतात ना, ते कुणी खेळ करून दाखवलं असेल तर ताईनं.

दिसायला खेळ जुनाट होता आणि तो मुद्दाम तसा केलेला होता. ताई आणि तिचा धाकटा भाऊ लहानपणी शाळा बुडवून ज्या व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये पडीक असायचे, तिथल्यासारखे जाड ठोकळे, भडक रंग, चिरका आवाज. शत्रू तीन जातींचे. मुंगळे झुंडीनं यायचे. रेडे नाकासमोर धावत यायचे आणि त्यांना वळता यायचं नाही. तिसरी जात सावकाश आत यायची, एका जागी ठाण मांडायची आणि कितीही गोळ्या घाला, हलायची नाही. त्यांना भावानं नाव ठेवलं होतं 'पाहुणे'.

भावाला सगळे भोवऱ्या म्हणायचे. लहानपणी तो एका जागी उभा म्हणून राहत नसे, तेव्हाचं हे नाव. आता त्याचं डोकं मधोमध विरळ झालं होतं, पण नाव काही सुटलं नव्हतं. तळमजल्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान. रिमोट, फोन, लोकांच्या पोरांनी आपटून तोडलेले गेमचे दांडे, असलं सगळं बारीक काम. राईच्या दाण्याएवढा स्क्रू तो न बघता जागेवर बसवायचा आणि वर गिऱ्हाइकाशी गप्पाही मारायचा. त्याचं घर या हातांवर चाललं होतं आणि त्याची सगळी ऐटही या हातांतच होती. बाकी ऐट मिरवावी असं त्याच्याकडे फारसं काही नव्हतं, हे त्याची बायको चारचौघांत सांगायची आणि तो मान डोलवायचा.

ताई वरच्या मजल्यावर राहायची. तिचं लग्न झालं नव्हतं आणि त्याबद्दल आता कुणी विचारतही नव्हतं, हा वय वाढल्याचा एक फायदा. दिवसभर ती कोड लिहायची, आणि खेळात काही बदल केला की पेन ड्राइव्ह घेऊन चपला न घालता जिना उतरायची. दुकानाच्या मागच्या खोलीत भोवऱ्यानं स्वतः प्लायवूड कापून बनवलेली खेळाची पेटी होती. पडदा जुन्या टीव्हीचा, दोन दांडे, आणि समोर उभं राहायला एक रबरी पायपुसणं. खेळाची नवी प्रत आधी या पेटीत जायची, मग जगात. असा त्यांचा रिवाजच पडून गेला होता.

भोवऱ्या खेळायला लागला की ताई मागे उभी राहायची, पण पडद्याकडे बघायची नाही. ती त्याच्या पाठीकडे बघायची. तिसऱ्या लाटेला त्याचे खांदे वर गेले पाहिजेत. चौथ्या लाटेला तोंडातून शिवी बाहेर पडली पाहिजे. पाचव्या लाटेला तो मेला पाहिजे. एवढं जुळलं की वेग बरोबर आहे असं ती समजायची. पाचवी लाट तो हसत पार करून गेला तर वेग वाढवायचा, शिवीच्या आधीच मेला तर कमी करायचा. दुनिया यंत्रं लावून काय काय मोजते, या घरात भोवऱ्याची शिवी हेच माप होतं, आणि ते कधी चुकलं नव्हतं.

मग एकदा ते चुकायला लागलं. भोवऱ्या दुसऱ्या लाटेत मेला. "दांडा अडकतोय," म्हणाला. त्यानं दांडा बदलला. पुन्हा दुसऱ्याच लाटेत. "ताई, तू रेड्यांना काही खायला घातलंस का गं?" ताईनं त्याच्या मापाप्रमाणे वेग उतरवला, प्रत पाठवून दिली. पण जी कंपनी हा खेळ विकणार होती तिथली खेळून बघणारी माणसं लगेच कुरकुरायला लागली की फार सोपं झालंय, झोप येते. म्हणजे खेळ जागच्या जागी होता. बदललं होतं ते माप.

ताईला हे कळलं तेव्हा ती खिडकीशी उभी होती आणि खाली भोवऱ्या दुकानाचं कुलूप उघडत होता. किल्ली दोनदा हातातून सुटली. तिसऱ्यांदा त्यानं ती दोन्ही हातांनी धरून फिरवली. कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून मग त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. वर मात्र त्यानं बघितलं नाही.

तिनं विचारायला हवं होतं. पण भोवऱ्यानंच त्या आठवड्यात गळ्याला पट्टा बांधला आणि घरात जाहीर करून टाकलं की डॉक्टरकडे जाऊन आलोय, मान आखडलीय, दिवसभर खाली मान घालून काम करतो ना, त्याचं आहे हे. थोडे दिवस पट्टा बांधायचा, व्यायाम करायचा, बास. बायकोनं विचारलं, "आणि हात?" तर म्हणाला, "मानेचा हाताशी काय संबंध?" ताईनं ते ऐकलं आणि तिला ते ऐकायलाच हवं होतं, म्हणून खरंही वाटलं.

पण त्याचा चेहरा तिला बघवत नव्हता. पट्टा बांधून तो पेटीसमोर उभा राहायचा, मरायचा, परत सुरू करायचा, परत मरायचा, आणि मागे वळून असा हसायचा की नको ते हसू. मग तिनं एक गोष्ट केली. जगासाठी वेग होता तिथे नेऊन ठेवला, आणि फक्त भोवऱ्याच्या प्रतीत एक आकडा वेगळा टाकला. थोडाच कमी. आजारी माणसाबरोबर पत्ते खेळताना आपण हातातला एक्का दाबून ठेवतो, तेवढंच. मान बरी होईपर्यंत, असं तिनं स्वतःला सांगितलं. मनाला काय, जे सांगाल ते ऐकतं.

त्या दिवशी भोवऱ्या चौथ्या लाटेपर्यंत गेला आणि त्यानं अशी सणसणीत शिवी हासडली की दुकानात थांबलेली गिऱ्हाईक बाई पर्स उचलून निघूनच गेली. ताईला वाटलं, झालं ते बरं झालं.

त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीत तो आकडा तिला आणखी थोडा खाली आणावा लागला. मुंगळे झुंडीनं यायचे ते आता रांगेनं यायला लागले. रेडे दारातून निघाल्यावर पोचेपर्यंत चहा पिऊन व्हावा. आणि भोवऱ्या खूश होता. नुसता खूश नाही, इतका खूश की ताईला कोडं पडायचं. खेळातल्या एका लाटेचा एवढा आनंद? चौथी लाट गाठली की तो बायकोला हाक मारून आत बोलवायचा, "ये, ये, बघ!" जेवताना चमचा हातातून पडला आणि बायको काही बोलायला लागली, तर म्हणायचा, "अगं, आत्ता तासाभरापूर्वी पाचवीच्या तोंडाशी होतो मी. या हातांना काय धाड भरलीय?" कप फुटले की बायको केरसुणी आणायची, काच गोळा करायची आणि काही न बोलता टाकून यायची. ताई ताटात बघत राहायची, कारण चोराच्या मनात चांदणं.

एका दुपारी बायको बाजारात गेली होती, भोवऱ्या मागच्या खोलीत खेळत होता आणि दुकानातला फोन वाजत राहिला. ताई नवी प्रत घेऊन खाली आलीच होती. तिनं उचलला.

"दुकानाच्या मालकांना द्या जरा. मी दवाखान्यातून बोलतेय. ते तपासणीला आलेच नाहीत, म्हणून डॉक्टरांनी फोन करायला सांगितलं."

"मी त्यांची मोठी बहीण. मान आता बरी दिसतेय त्याची."

"मानेचं नाही हो विचारत. हात कसे आहेत?"

"हात?" ताई म्हणाली. "त्याचं तर मानेचं दुखणं आहे ना?"

घरच्यांना काहीच ठाऊक नाही हे पलीकडच्या बाईच्या लक्षात आलं असावं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हे बघा, मला जास्त सांगता येणार नाही, त्यांनाच विचारा. पण पकड कमी झाली, हातातून वस्तू सुटायला लागल्या, तर त्याच दिवशी या, असं डॉक्टरांनी त्यांना बजावून सांगितलंय. तसं काही झालं नाहीये ना?"

ताईनं काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवेना. फोन ठेवून ती मागच्या खोलीत गेली. भोवऱ्या पेटीसमोर उभा, पाय फाकून, गळ्याला पट्टा, दोन्ही मुठी दांड्यांवर.

"दवाखान्यातून फोन होता," ती म्हणाली.

त्यानं खेळ थांबवला नाही. "लावला का शेवटी? चिकट आहेत लेकाचे."

"तुझ्या हातांबद्दल विचारत होत्या. काय लपवलंयस तू?"

पाहुणे गोलात येऊन बसले होते. भोवऱ्यानं त्यांना वळसा घातला, एक रेडा उडवला आणि मग लाट संपली तसा तो वळला. पकडलेल्या पोरासारखं त्याचं तोंड झालं होतं, पण घाबरलेलं नव्हतं.

"तू ओरडू नकोस," तो म्हणाला. "मानेतला मणका सरकलाय. आतून मेंदूकडून दोरी येते ना, सगळ्या नसांची, ती चेपतोय. त्यामुळे हात जातात. ऑपरेशन आहे त्याला, पण गळ्यातून आत शिरतात गं. गळ्यातून! मी म्हटलं, डॉक्टर, थांबता येईल का? ते म्हणाले, अजून थोडंच आहे, थांबून बघू, पण रोज नजर ठेवायची. हात जरा जरी बिघडले की मग एक दिवस थांबायचं नाही. कारण गेलेलं परत येत नाही. ऑपरेशननं फक्त पुढचं जाणं थांबतं."

"आणि हे तू घरात सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तू रात्रंदिवस डोक्याशी बसली असतीस आणि ही रडत बसली असती. मी आहे की नजर ठेवायला."

"कशी ठेवतोयस नजर?" ताईनं विचारलं. उत्तर तिला त्याआधीच कळलं होतं, तरी तिनं विचारलं.

"कशी म्हणजे?" भोवऱ्यानं पेटीवर थाप मारली. "ही! रोज, न चुकता. चमचे, कप, किल्ल्या, त्याचं काय, कधी घाई असते, कधी हात ओला असतो. माणूस स्वतःला फसवतो. हा खेळ फसवत नाही. पहिल्यांदा दुसऱ्या लाटेत मरायला लागलो ना, तेव्हाच तर घाबरून डॉक्टरकडे पळालो होतो. आणि मग पट्टा बांधला, व्यायाम सुरू केले, तर बघ, चौथी लाट! तेव्हापासून एकदाही खाली आलो नाही मी. अख्ख्या घरात खरं बोलणारी ही एकच वस्तू आहे, ताई."

ताई भिंतीला हात लावून उभी राहिली. भोवऱ्याला वाटलं, बहीण ऑपरेशनच्या नावानं हबकलीय, म्हणून तो तिची समजूत घालायला लागला. नको काळजी करू, मी ठणठणीत आहे, थांब, तुला दाखवतोच. आणि तो पुन्हा खेळायला उभा राहिला. तिनंच संथ केलेले मुंगळे रांगेनं येत होते, तो ते एकेक करून उडवत होता, आणि मागून तिला दिसत होते त्याचे दोन्ही हात. बोटं दांड्याभोवती वळलेलीच नव्हती. तो तळहातांनी दांडे ढकलत होता. इतके दिवस ती मागे उभी राहून खांदे बघत होती, हातांकडे तिनं बघितलंच नव्हतं.

"भोवऱ्या," ती म्हणाली, "थांब. तुझी प्रत वेगळी आहे."

"वेगळी म्हणजे?"

"तुझ्या प्रतीत मी वेग कमी केलाय. तू मरत होतास, मला बघवेना, म्हणून. दर वेळी थोडा थोडा कमी करत आले. बाहेर जो खेळ गेलाय तो हा नाही."

भोवऱ्या हसायला लागला. पोट धरून हसला. "वा! झकास. दात काढायला नेलंस तेव्हा सर्कस बघायला जातोय म्हणाली होतीस. इंजेक्शनला नेलंस तेव्हा नवे बूट घ्यायला. आता मला ऑपरेशनला न्यायचंय म्हणून हे. ताई, तुझ्या थापा मी दुधाच्या दातांपासून ओळखतो."

"खरं सांगतेय रे."

"मी नाही मानत."

तिनं शपथ घेतली. तो म्हणाला, सर्कसची पण घेतली होतीस. ती चिडली, रडकुंडीला आली, त्याच्या दंडाला धरून ओढायला लागली, तसा तो आणखीच हसला, कारण लहानपणापासून ताई हट्टाला पेटली की अशीच करायची. माणसानं एकदा प्रेमापोटी खोटं बोलायची सवय लावून घेतली की त्याच्या खऱ्यालाही तेवढंच प्रेम मिळतं, भाव मिळत नाही.

शेवटी एकच वाट उरली. ती वर गेली, संगणकासमोर बसली आणि तो आकडा शोधून काढला. काम काहीच नव्हतं. एक आकडा पुसायचा, दुसरा लिहायचा. तिचे दोन्ही हात धडधाकट, दहाही बोटं जागेवर, आणि तरी ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. खाली तो दुकानात शीळ घालत होता. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तिलाही माहीत होतं. पण उजाडल्यावर काय दिसणार आहे ते माहीत असताना कोंबड्यावरची पाटी स्वतःच्या हातानं काढायची, हे कुणाच्या वाट्याला येऊ नये.

ती खाली आली, पेन ड्राइव्ह पेटीत लावला आणि म्हणाली, "हा खरा वेग आहे. जगात गेलाय तो."

"बघू की," भोवऱ्या म्हणाला आणि दांडे धरून उभा राहिला.

पहिली लाट. मुंगळे चारही दारांतून एकदम फुटले. पांढरा ठिपका जरासा डावीकडे सरकला आणि संपला.

"थांब, थांब. हात गरम व्हायचेत."

पुन्हा पहिली लाट. या वेळी ठिपका हललासुद्धा नाही. भोवऱ्यानं डावा दांडा हलवून बघितला, भुवया आवळल्या. "ढिला झालाय हा." खालची फळी उघडली, खिशातून पेचकस काढला आणि स्क्रूवर टेकवला. पेचकस फिरेना. त्यानं तो नीट धरायला घेतला तर तो बोटांतून घरंगळला, रबरी पायपुसण्यावर पडला आणि पेटीखाली गेला. भोवऱ्या त्याच्याकडे बघत राहिला. ताईला वाकून तो उचलून द्यावासा वाटला. तिनं उचलला नाही, आणि उचलला नाही म्हणून बरं केलं की वाईट, हेही तिला कळेना.

त्यानं फळी तशीच उघडी ठेवली आणि पुन्हा खेळला. मेला. पुन्हा खेळला. पहिल्याच लाटेत त्याचे खांदे कानापर्यंत गेले होते, पण तोंडातून शिवी मात्र आली नाही. तो खेळत होता आणि मरत होता, आणि खोलीत फक्त त्या चिरक्या आवाजाची उतरती सुरावट पुन्हा पुन्हा वाजत होती. ताईनं पुढे होऊन पेटीचा खटका बंद केला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तू पट्टा बांधलास त्याच आठवड्यापासून."

"म्हणजे व्यायामानं काहीच झालं नव्हतं."

"नाही."

"मी रोज करत होतो," तो म्हणाला. मग बंद पडद्याकडे बघत, "मी तुला कळू नये म्हणून लपवलं. तू मला कळू नये म्हणून. काय पण हुशार आहोत दोघं." त्याला हसायचं होतं, पण ते काही जमलं नाही. ताईला वाटलं, यानं आता ओरडावं, पेटीला लाथ घालावी, मला दोन शब्द सुनवावेत. त्यानं तसलं काहीच केलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तो तरी कुणावर चिडणार. त्यानं फक्त दोन्ही हात उचलून समोर धरले आणि ते दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे उलटसुलट करून बघितले.

बायको पिशव्या घेऊन आली तेव्हा दोघं तिथेच जमिनीवर बसलेली होती. ताईनं तिला सगळं सांगितलं, काही राखलं नाही. ती पिशव्या हातात तशाच धरून ऐकत राहिली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"हात जाताहेत ते. कप कुणी उचलले सगळे? झोपेत कूस बदलताना हात उशीवरून उचलून ठेवावा लागतो यांना, ते कुणी बघितलं? पण हे रोज म्हणायचे, चौथी लाट, चौथी लाट. आणि ताई, तुम्ही मागे उभ्या राहून 'शाबास' म्हणायचात. मला त्या खेळातलं काही कळत नाही. मला वाटलं, एवढं यंत्र सांगतंय, एवढी शिकलेली नणंद सांगतेय, तर मलाच वेड लागलं असेल." तिनं पिशव्या खाली ठेवल्या. "एकदा मला विचारायचं होतंत."

ती आत गेली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "उठा. डॉक्टर संध्याकाळी बसतात."

दवाखान्यात गर्दी होती, पण नाव सांगताच त्यांना आधी आत घेतलं. डॉक्टर उंच, शांत, बोलायला कमी. भोवऱ्याला त्यांनी बूट-मोजे काढायला सांगितले. ते काढायला बायकोनं मदत केली. मग एका रेषेत चालायला सांगितलं. भोवऱ्या चार पावलं चालला आणि दारूड्यासारखा बाजूला गेला. छोट्या हातोडीनं त्यांनी त्याच्या गुडघ्यांवर, कोपरांवर ठोकून बघितलं. शेवटी त्यांनी आपली दोन बोटं त्याच्या उजव्या मुठीत दिली.

"दाबा," डॉक्टर म्हणाले. "असेल नसेल तेवढा जोर लावून."

भोवऱ्याच्या कपाळाची शीर फुगली. मान पट्ट्यात आवळली. ताई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिचीच मूठ नकळत वळली होती.

"दाबा ना," डॉक्टर पुन्हा म्हणाले.

"दाबतोय की, डॉक्टर," भोवऱ्या म्हणाला.

डॉक्टरांनी बोटं काढून घेतली. ती सहज निघाली. त्यांनी हात पुसले, खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मी तुम्हाला काय बजावलं होतं? रोज नजर ठेवा, काही बिघडलं तर त्याच दिवशी या. हे काय आजचं आहे? हे महिनोन् महिने चाललंय. तुमच्या लक्षात आलं नाही? तेव्हा आला असता तर हे हात वाचले असते!"

ताई खुर्चीत पुढे सरकली. "डॉक्टर, त्यानं नजर ठेवली होती. चूक त्याची..."

टेबलाखाली भोवऱ्याचं अनवाणी पाऊल तिच्या पावलावर पडलं आणि तिथेच दाबून राहिलं. पायात अजून जोर होता.

"नाही ठेवली," भोवऱ्या म्हणाला. "कंटाळा केला. माझंच चुकलं."

"कंटाळा!" डॉक्टर म्हणाले, आणि मग ते बरंच काही बोलले. माणसं शरीराची कशी हेळसांड करतात, गाडीचं तेल वेळेवर बदलतात पण स्वतःकडे बघत नाहीत, वगैरे. भोवऱ्या खाली मान घालून सगळं ऐकत होता. पट्ट्यामुळे मान नीट खाली जात नव्हती. ताईच्या तोंडाशी शब्द आले होते, पण पावलावरचं पाऊल निघालं नाही. आणि निघालं असतं तरी आता सांगून कुणाचं काय भलं होणार होतं?

बोलून झाल्यावर डॉक्टर परत शांत झाले. म्हणाले, आता उशीर करायचा नाही, याच आठवड्यात ऑपरेशन करू. पुढचं जाणं थांबेल.

"आणि गेलंय ते?" बायकोनं विचारलं.

"थोडंफार येतं कुणाकुणाचं. तेवढं धरून चालू नका."

"बारीक काम?" भोवऱ्यानं विचारलं. "सोल्डरिंग वगैरे?"

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. भोवऱ्यानंही हलवली, चुकीचा भाव ऐकून गिऱ्हाईक हलवतं तशी, आणि उठला.

बाहेरच्या बाकावर तो बसला. बायको पुढचं ठरवायला नावनोंदणीच्या खिडकीपाशी गेली. बूट हातात धरून ताई त्याच्यासमोर खाली बसली, मोजे चढवले, बूट चढवले आणि नाडी बांधायला घेतली. तिला डोळ्यांतल्या पाण्यानं धड दिसत नव्हतं. शिवाय त्याला वाईट वाटू नये, आपण किती पटकन बांधतो हे त्याच्या डोळ्यांत भरू नये, म्हणून ती अगदी सावकाश बांधत होती. एक फास, थांबली. दुसरा फास, थांबली.

भोवऱ्या तिच्या बोटांकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "माझ्यासाठी हळू नको करूस. तुला येतं तसं बांध."

तिनं नाडी सोडली आणि पुन्हा नेहमीसारखी बांधली. एका क्षणात झाली. दोघंही त्या गाठीकडे बघत राहिले.